ताईंनी दिलेला चष्मा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताईंवरच चिडलेलो होतो. टेबलाच्या खणात पेन शोधताना तो चष्म्याचा डबा पुन्हा हाताला लागला होता. तीन महिन्यांपूर्वी ताईंनी तो माझ्या हातात कोंबला. मी दर शनिवारी जयसिंगपूरला आईकडे जातो, हे त्यांना ठाऊक. "स्टँडमागच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई हाय. शिबिरात डोळं तपासून घेतलंत तिचं. दुसऱ्याच्या हातनं धाडू नको, तू सोत्ता दे. घातल्यावर दिसतंय का बघ, मग उठ." आता माझ्या हाताखाली चार माणसं, कामाचा डोंगर, आणि ही बाई अजून मला निरोप्या समजते! पुढच्या शनिवारी बघू, पुढच्या शनिवारी बघू... असं करत डबा खणातच राहिला. त्या दिवशी फोनवर ताईंचे भाऊ होते. "सुलू गेली रे सकाळी," एवढंच बोलले.

सुलोचना कांबळे म्हणजे आमच्या ताई, कोल्हापुरातल्या महिलांच्या एका संस्थेत समाजसेविका होत्या. एमएसडब्ल्यू करताना आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत फील्डवर्क करावं लागे आणि डायरीवर तिथल्या माणसाची सही आणावी लागे. नव्वदच्या दशकात मी ताईंच्या तावडीत सापडलो. दवाखान्यात फील्डवर्क मिळालेले मित्र चहा पिऊन, सही घेऊन दुपारीच घरी जायचे. मला ताईंनी पहिला महिनाभर बाहेरच्या बाकावर बसवलं आणि येणाऱ्या बायकांना पाणी द्यायला लावलं. "ताई, मी समुपदेशन शिकायला आलोय," मी एकदा फणकाऱ्यानं म्हणालो. "आधी बसायला शीक," त्या मान वर न करता म्हणाल्या. अहवालात मी 'कौटुंबिक विसंवाद' असं झोकात लिहावं, तर त्याखाली रेघ मारून विचारत, "म्हंजे काय? मारतो काय? कशानं मारतो? तू सोत्ता बघितलास काय?" हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले होते. भिजून दारात उभं राहून पाऊस पडतोय म्हटलं असतं, तरी त्यांनी तेच विचारलं असतं.

वर्ष संपता संपता हौसा नावाची एक तरुण बाई संस्थेत आली. गगनबावड्याकडच्या एका गावात तिचं सासर. नवरा मारायचा, सासू उपाशी ठेवायची. मी दोघांना संस्थेत बोलावलं, दोन बैठका घेतल्या, समझोता घडवून आणला आणि हौसा परत नांदायला गेली. माझी पहिली यशस्वी केस! कॉलर ताठ करून डायरी ताईंपुढे ठेवली. "महिन्यानं तिच्या घरी जाऊन बघून ये, मग सही," ताई म्हणाल्या. माझ्या खिशात नोकरीच्या मुलाखतीचं पत्र होतं आणि ती शेवटची सही राहिली होती. "अहो, सगळ्यांसमोर कबूल केलंय त्यांनी!" मी ओरडलोच. "कबूल तर लग्नातबी केलं हुतं की," ताई म्हणाल्या. मग काय, महिन्यानं धुसफुसत गेलो. एसटीनं फाट्यावर सोडलं. पुढे तासाची पायवाट, वर तिकडचा तो आडवा पाऊस. फाट्यावरच्याच टपरीवाल्याला हौसाचं विचारलं. "बरी हाय की! कालच पाण्याला जाताना बघितली," तो म्हणाला. समोर परतीची गाडी उभी होती. मी चढलो. डायरीत लिहिलं, 'गृहभेट झाली. सर्व ठीक.' ताईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सोत्ता बघितलास?" मी "हो" म्हणालो आणि त्यांनी सही केली. नोकरीही मिळाली.

पुढे बारा वर्षं मी सणावाराला ताईंकडे जात राहिलो. हौसाचं नाव त्यांनी काढलं नाही, मी तर मुळीच नाही. पण तो प्रश्न काही त्यांनी सोडला नाही. मुलगा अभ्यासात हुशार आहे म्हटलं की, "सोत्ता बघितलास काय?" वस्तीतलं काम चांगलं चाललंय म्हटलं की पुन्हा तेच. मी न बघताच 'हो' म्हणून टाकायचो. म्हातारपणाची खोड, असं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडायचो.

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या शनिवारी मी एकदाचा जयसिंगपूरच्या त्या गल्लीत गेलो. दारातच एक शेजारीण सुईत दोरा ओवून देत होती. मशीनवरच्या बाईनं डबा घेतला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे एकटक बघत राहिली.

"फाट्यावरनं माघारी गेलेलं सायेब तुमीच न्हवं?"

मी समोरच्या स्टुलावर बसलो. हौसा होती ती. मी ओळखलंसुद्धा नव्हतं.

"टपरीवाला सांगत हुता. मी गोठ्यात पडलेली, अंगात ताप. चार दिसानं ताईच आल्या चिखल तुडवत. त्यांनीच उचलून आणली मला, हितं बसवून दिली."

"ताईंना माहीत होतं? मी आलो नव्हतो ते?"

"म्याच सांगितलं की." ती चष्मा नीट करत म्हणाली, "चष्मा त्याच्याच हातनं धाडणार म्हणल्या. उशीर करील, पण यील."

असा संताप आला मला! बारा वर्षं माहीत होतं, तर एकदा तरी कानफटात द्यायची होती. मी सुटलो तरी असतो. त्याऐवजी नुसत्या विचारत राहिल्या, आणि मी दर वेळी खोटं बोलत राहिलो. हौसाची मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "तीन म्हैनं शेजारणीकडनं दोरा ओवून घेतोय, त्याची मागा." मग तिनं सुई उजेडाकडे धरली. पहिल्यांदा दोरा हुकला. दुसऱ्यांदा गेला. तोवर मी उठलो नाही.

घरी येऊन माळ्यावरची डायरी काढली. 'गृहभेट झाली. सर्व ठीक.' खाली ताईंची सही. त्याखाली लिहिलं, 'गृहभेट आज झाली. बारा वर्षं उशिरा. दोरा ओवता येतो, सोत्ता बघितलं.' सवयीनं बाजूला सहीसाठी रेघ मारली... ती जागा तशीच रिकामी आहे.