सोनपेठजवळच्या गावात दूध घालायला गेलो तेव्हा

"सासूबाईंनी म्हैस घेतलीय, दूध प्यायला ये," असा सुशीलाचा निरोप आला आणि मी शाळेत रजा टाकली. शिकताना आम्ही दोघी वसतिगृहात एका खोलीत राहायचो. नव्वदच्या आसपासची, हिवाळ्यातली ही गोष्ट.

औरंगाबादहून छोट्या रुळांच्या गाडीने परभणी, तिथून एसटीने गंगाखेड, मग दुसरी बस सोनपेठला. तिकीट स्वस्त, धूळ फुकट. खिडकी मात्र सोडू नका. काळ्या रानात ज्वारी, फुललेली करडई आणि कालव्याचं पाणी पोचलं तिथं एकदम हिरवागार ऊस! शेजारचे काका म्हणाले, "आमच्या लहानपनी इथं निस्ती कुसळं व्हती, बाई. आता टॅक्टर बघा." मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. तो विषय निघाला की बसमधले आवाज खाली यायचे.

सोनपेठजवळच्या एका गावाच्या कडेला, बौद्धवस्तीत सुशीलाचं घर. तिच्या सासूबाई, गंगूबाई, दुसऱ्यांच्या उसात तोडणीला जायच्या आणि येताना म्हशीसाठी उसाचं वाढं आणायच्या. रात्री ज्वारीची भाकरी, करडईची भाजी आणि ठेचा. जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या डेरीवर दूध घालनार हाय मी."

गावात नुकतंच दूध संकलन केंद्र निघालं होतं. वस्तीतलं दूध तिथं अजून कुणी नेलं नव्हतं.

"आई, कशाला वाद? हाटेलवाला नेतोय की," सुशीलाचा नवरा म्हणाला.

"पडेल भावात नेतोय. म्हैस मी सांभाळायलेय, तो न्हाई."

सकाळी आम्ही तिघी गेलो. गंगूबाई रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा केंद्राचा चिटणीस कॅनकडे आणि मग लोकांकडे बघत राहिला. मागून एक पागोटेवाले म्हणाले, "ह्यांच्यासाठी येगळा कॅन ठेवा."

सुशीलाने माझा हात घट्ट धरला. गंगूबाईंनी किटली खाली ठेवली नाही.

"फॅट बघा," त्या चिटणीसाला म्हणाल्या. "कमी लागली तर वापस नेते. बाकी काय बघू नका."

चिटणीस अजून पागोटेवाल्यांकडेच बघत होता. तेवढ्यात मागच्या बागायतदारीण वत्सलाबाई करवादल्या, "आवरा की ओ! गाडी यायलीय, माजं दूध नासल."

चिटणीसाने फॅट तपासली, आकडा सांगितला आणि दूध त्याच कॅनमध्ये ओतलं. पागोटेवाले आपली किटली घेऊन घरी निघून गेले. वत्सलाबाई पुढे सरकल्या.

दोन दिवसांनी निघाले. बसथांब्यावर सोडायला आलेल्या सुशीलाला मी म्हटलं, "जिंकलात तुम्ही." तिने हातपंपाकडे बोट केलं. तिथं वस्तीतल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या होत्या, बाकीच्यांचं भरून होईपर्यंत. "दूध चाललं," ती म्हणाली. "पाण्याचं अजून हायच."

तिकडे गेलात तर थंडीतच जा, उसाच्या हिरव्या पट्ट्याने डोळे निवतात. माझ्या मनात मात्र त्या हिरवळीपेक्षा ती रांगच राहिली. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "डेअरीवरून परत आल्यावर काय म्हणाली गं ती बाई?"

मी पाहिलं तेच सांगितलं. गंगूबाईंनी म्हशीला पेंड घातली आणि किटली घासून उन्हात पालथी ठेवली. संध्याकाळी पुन्हा दूध घालायचं होतं.