अजून डॉक्टर नसलेली हर्षदा

कुकरची शिट्टी व्हायची होती, यांचा हजिऱ्याच्या कारखान्यात न्यायचा डबा अर्धाच भरला होता, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर चिंधा उभा. मागच्या गल्लीत कापडाच्या लूमवर काम करतो.

"वहिनी, डॉक्टरीणबाई दार उघडत नाही. तुमचं ऐकेल ती. चंचलला श्वास घेता येत नाही."

चंचल त्याची बायको. आणि डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या शेजारची हर्षदा, लूम कारागीर दगाभाऊ आणि मंगलाबाईंची मुलगी. किर्गिझस्तानातून मेडिकल करून आली तेव्हा इथल्या, सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या खानदेशी मंडळींनी शाल-नारळ देऊन तिचा सत्कार केला, चौकात फ्लेक्स लावला: 'आपल्या समाजाची डॉक्टर'. बाहेर शिकलेल्यांना इथे स्क्रीनिंग परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय साधी गोळीही लिहून देता येत नाही, हे त्या स्टेजवर कोणी बोललंच नाही. सत्कार झाला म्हणजे डॉक्टर झाली, असं सगळ्यांनी धरलं. लोकांचंही खरं आहे. मोठ्या दवाखान्यात गुजराती-हिंदीत दुखणं सांगताना माणसं अडखळतात. हर्षदासमोर अहिराणीत मोकळी होतात.

ती दोनदा थोडक्यात राहिली. तिसरी परीक्षा तोंडावर आलेली. परवान्याशिवाय औषधं देते अशी कोणी तक्रार केली, तर सगळंच संपलं. म्हणून मंगलाबाई आतून कडी लावून ठेवतात.

मी हाक मारल्यावर हर्षदा बाहेर आली. चंचल रिक्षात पुढे वाकून बसली होती, ओठ निळसर. हर्षदानं एकदा पाहिलं आणि १०८ला फोन लावला.

"एक सुई तरी दे व माय," चिंधा म्हणाला.

"भाऊ, मन्हा हात बांधेल शेतस."

"मग इतला वरीस तठे काय शिकनी तू, बरफ झाडाले?"

हर्षदा चंचलला धरून बसली, त्रास कधीपासून, आधी झाला होता का, विचारत राहिली. गाडी आल्यावर ते सगळं तिनं गुजरातीत नीट सांगितलं आणि आम्ही दोघी बरोबर गेलो. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तिला विचारलं, "तमे कोण?"

"पाडोशी छुं," ती म्हणाली.

ऑक्सिजन लागला. चंचल वाचली, काही दिवसांनी घरी आली. चिंधा मात्र अजून गल्लीत सांगत फिरतो, दगाची पोरगी नावाचीच डॉक्टर. दगाभाऊंनी लूमच्या मधल्या सुट्टीत टपरीवर चहाला जाणं सोडलं.

काल दुपारी हर्षदा माझ्याकडे आली. मी दिलेला चहाचा कप तिनं हातात घेतला.

"काकू, पप्पांचं दम्याचं औषध घरात होतं. त्या दिवशी माझा हात कपाटापर्यंत गेला होता."

"मग?"

"मग तुम्ही हाक मारली. पुन्हा कोणी तसं आलं, तर हात थांबेल का, मला माहीत नाही."

तिनं कप खाली ठेवला.

"परीक्षा होईपर्यंत दुपारची तुमच्या मागच्या खोलीत अभ्यासाला बसू द्याल का? तिथे माझं दार वाजवायला कोणी येणार नाही."