सांडशीवाला बुटका

अच्युत मोहरील अठ्ठावीस वर्षं उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये सांडशी धरून उभा होता. रोलमधून लाल सळी सुटून आली की तिचं तोंड सांडशीनं पकडायचं, जागच्या जागी वळायचं आणि शेजारच्या रोलमध्ये ते खुपसायचं. तोवर पुढची सळी निघालेलीच असायची. वीस मिनिटं काम, वीस मिनिटं बाकड्यावर, परत वीस मिनिटं काम. बारा जणांची टोळी होती. तिचा म्होरक्या पांडुरंग चिकटे. अच्युतपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा, रुंद छातीचा, डावा खांदा उतरलेला.

मग मिलमध्ये सळी आपोआप फिरवणारं यंत्र आलं आणि टोळीतले अकरा जण घरी गेले. अच्युतनं कधीकाळी आयटीआय केलं होतं, म्हणून त्याला काचेच्या गार खोलीत पडद्यासमोर बसवलं. आता अंगाला घाम नव्हता, हाताला चटके नव्हते. तरी दोन वाजता पहिली पाळी सुटली की पाय उचलत नसत. नुसतं बसून माणूस एवढा दमतो कसा, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पुरानी बस्तीतल्या घरी येऊन तो जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"काय दुखून राहिलं?" बायको, मीनल, विचारायची.

"काही नाही."

"मंग?"

"मंग काही नाही."

मिलच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने तपासणारी देवश्री त्याच बसनं घरी जायची. सत्तावीस-अठ्ठावीसची पोट्टी, तेलीबांध्याच्या एका फ्लॅटमध्ये राहणारी. एका दुपारी तिच्या मांडीवर एक खोका होता. खोक्यावर दाढीवाल्या ठेंगण्या लोकांचं चित्र होतं.

"कोणासाठी खेळणं घेतलं?" अच्युतनं विचारलं.

"खेळणं नाही काका, फौज आहे." देवश्री हसली. मग तिनं समजावून सांगितलं. अंगठ्याएवढी प्लास्टिकची माणसं सुटी-सुटी येतात, ती चिकटवायची, रंगवायची, मोठ्या टेबलावर मांडायची. टेपनं अंतर मोजून पुढे सरकवायची, हत्याराच्या नंबराप्रमाणे फासे टाकून लढवायची. ती आणि तिचे पाच-सहा मित्र दर रविवारी दुपारी खेळायचे.

"आणि हे कोण?"

"हे अंतराळातले बुटके. खाणवालेच आहेत, काका. मेलेल्या ताऱ्यांमधून धातू खणतात. ह्यांना आमच्यात कोणी घेत नाही. सबको उंच, चमकदार योद्धे पाहिजे. हे पायानं मंद आहेत ना, टेबलाच्या पार जाईपर्यंत खेळ खतम. मीपण हौसेनं घेतले आणि तसेच पडून आहेत."

अच्युत चित्राकडे पाहत राहिला. आखूड पाय जमिनीत रोवलेले, छातीवर जाड पत्रा, हात अंगाच्या मानानं मोठे. चेहऱ्यावर वीरश्री वगैरे काही नव्हती. पाळीचा सहावा तास चालू असलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा चेहरा होता. असा चेहरा करून कोणी लढाईला जातं, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"एखादा मले देशील?" त्यानं विचारलं. देवश्रीनं खोकाच त्याच्या हातात ठेवला.

पहिला बुटका चिखलात पडल्यासारखा रंगला. दुसऱ्याचे डोळे तिरळे झाले. पण दुपारी खिडकीशी बसून तो बारीक ब्रश चालवू लागला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायचं राहून गेलं. तिसऱ्या बुटक्याचा डावा खांदा चिकटवताना जरा खाली सरकला. अच्युतनं तो सरळ केला नाही. त्याच्या गळ्यात लाल चौकड्यांचा गमछा रंगवला, दाढी पांढरी केली आणि खिडकीत ठेवला. तो पांडुरंग होता.

मग बाकीचेही झाले. एका कानानं बहिरा नरहरी, कपाळावर डाग असलेला शरच्चंद्र, आणि असे एकेक करून बारा. बारावा तो स्वतः.

रविवारी तो देवश्रीकडे जाऊ लागला. पोरांच्या फौजा धावत, उडत, एका झेपेत अर्धं टेबल ओलांडत. अच्युतचे बुटके एका डावाला पाच इंच चालत. पोचायचं तिथं पोचायच्या आधी त्यांतले निम्मे पडत आणि उरलेले मार खात उभे राहत. तो बहुतेक वेळा हरायचा. खेळाच्या पुस्तकातली बुटक्यांची गोष्ट देवश्रीनं त्याला मराठीत करून सांगितली होती. हे लोक आपल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव लोखंडावर कोरून ठेवतात आणि कोणाचंही नाव कधी पुसत नाहीत.

पांडुरंग दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहत होता. मिल सुटल्यापासून त्याला दम लागायचा. अच्युत दोन वर्षांत एकदाही तिकडे गेला नव्हता. एका संध्याकाळी तिसरा बुटका रुमालात गुंडाळून तो गेला.

पांडुरंग खाटेवर बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही. "दोन वर्षं काहून नाही आला?"

"कसं तोंड दाखवू, पांडुभाऊ? मलेच ठेवलं ना त्यांनी."

"एखाद्याले तर ठेवणारच होते. त्यात तुही काय चूक?" पांडुरंग खोकला. "हातात काय आहे?"

अच्युतनं रुमाल उघडला. पांडुरंगनं चष्मा लावला आणि बुटक्याला उजेडाकडे धरलं.

"हा मी?"

"हव."

"मले एवढं ठेंगणं केलं?"

"सगळेच ठेंगणे आहेत, भाऊ. मीपण."

पांडुरंगनं बोटानं त्याचा खांदा चाचपला. "खांदा बराबर आहे. पण हातात हे काय देलं?"

"कुऱ्हाड."

"कुऱ्हाड म्या कधी धरली रे?"

घरी येऊन अच्युतनं ब्लेडनं कुऱ्हाड कापून टाकली. पितळेच्या तारेची सांडशी करायला चार दुपारी गेल्या. दोन्ही जबडे नीट जुळेनात आणि एकदा तर बुटक्याचा अंगठाच उडाला. पाचव्या दिवशी ती हातात बसली.

देवश्रीनं तेलीबांध्याच्या एका सभागृहात छोटी स्पर्धा ठेवली होती. सोळा खेळाडू, दुपारी चारपर्यंत सगळं आटोपायचं. अच्युत ऑटोरिक्षानं पांडुरंगला घेऊन आला आणि त्याला आपल्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं. समोर शिशिर होता, बँकेत नोकरी करणारा, स्वभावानं सरळ मुलगा. त्यानं बुटके एकेक करून पाहिले आणि तिसऱ्यापाशी थांबला.

"काका, ये क्या पकड़ा है इसने?"

"सांडशी."

"रूल में तो कुल्हाड़ी है. सांडशी का कोई नंबर ही नहीं है. मैं मारूँगा कैसे, आप मारोगे कैसे?" तो खरंच अडचणीत पडला होता. त्यानं देवश्रीला हाक मारली.

देवश्रीनं पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं. "काका, त्याला कुऱ्हाडवालाच समजू या. कोणाला काय फरक पडतो?"

अच्युत भांडला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं. पण भांडायचं त्याच्या अंगात उरलं नव्हतं, आणि सांडशीला कुऱ्हाड म्हणवतही नव्हतं. त्यानं बुटका टेबलावरून उचलला आणि पांडुरंगच्या हातात दिला.

"अकरांनीच खेळतो."

"मस्त झालं," पांडुरंग म्हणाला. "लय उभं राहिलो. आता बसून पाहतो."

खेळ दीड तास चालला. अच्युतचे बुटके पाच पाच इंच सरकत मधल्या टेकडीवर चढले आणि तिथंच एकेक करून पडले. नरहरी शेवटपर्यंत टिकला. पांडुरंग प्रत्येकाच्या वेळी वाकून विचारायचा, "हा कोण?" अच्युतनं नाव सांगितलं की तो मान हलवायचा आणि त्या माणसाबद्दल एखादी गोष्ट सांगायचा. कोणी डब्यात रोज एकच भाजी आणायचा, कोणी बाकड्यावर बसल्या-बसल्या झोपायचा. शिशिरही फासे हातात धरून ऐकत राहिला आणि दोनदा आपला डाव विसरला. जिंकल्यावर त्यानं वाकून अच्युतच्या पायांना हात लावला. अच्युतला अवघडल्यासारखं झालं.

परतताना रिक्षात पांडुरंगनं बोटांवर नावं मोजली. मग म्हणाला, "बारा झाले. आणि शेवंता कुठं आहे?"

अच्युतला कळायला एक क्षण लागला. शेवंता भट्टीपाशी माठ घेऊन उभी असायची. वीस मिनिटं संपली की प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी ओतायची. पाणी चुकलं तर माणूस रोलवर पडायचा. अठ्ठावीस वर्षांत तिला टोळीत कोणी मोजलं नव्हतं. त्यानंही नाही.

"राहून गेली, भाऊ."

"हव. राहूनच गेली ती." पांडुरंगनं डोळे मिटले. सांडशीवाला बुटका त्याच्या मुठीतच होता. तो परत मागावा असं अच्युतला वाटलं नाही.

सोमवारी पहिली पाळी होती. अच्युत काचेच्या खोलीत आठ तास बसला, नेहमीसारखाच दमला आणि पाय ओढत बसमध्ये चढला. देवश्रीनं त्याच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती.

"पोरी," तो बसता बसता म्हणाला, "बुटक्यांमध्ये बाया असतात काय?"

"असतात ना, काका. पुढच्या खोक्यात आहेत."

"एक पाहिजे होती," अच्युत म्हणाला. त्यानं खिडकीला डोकं टेकलं आणि माठ कशाचा करावा, ह्याचा विचार करत झोपी गेला.