सुलसेजवळ उरलेलं सुत्त

वेत्रवतीकाठच्या कुंभारवाडीत सुलसा तापानं अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्या जिवाला एकच घोर लागला होता. तथागतांनी एका माळ्याला केलेला उपदेश, माळ्याचं सुत्त, आता फक्त तिलाच तोंडपाठ होतं. ज्या थेरीनं, वृद्ध भिक्खुणीनं, शिकवलं ती केव्हाच गेली. नदीपलीकडच्या विहारातले दोघे जाणकार दुष्काळात गेले. आता आपणही गेलो तर?

तिनं सुनेला, सुभेला, विहारात धाडलं. “म्हणावं, सुत्त बुडायच्या आत या. वर्षावासात विहार सोडायचा नसला तरी एवढ्यासाठी बाहेर पडता येतं.”

भन्ते धम्मिल आणि त्यांचे एक सोबती भिक्खू चिंब भिजून आले. सुलसा भिंतीला टेकून म्हणू लागली, भन्ते मागोमाग म्हणू लागले. निम्म्यावर ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथंच अडली.

“मधलं अंदाजानं जुळवून घेऊ,” सोबती म्हणाले.

“अंदाजानं?” सुलसा उसळली. “तथागतांच्या तोंडी माझे शब्द घालू?”

धम्मिलांनी हळूच विचारलं, “बाई, शिकलात तेव्हा कुठं बसायचात?”

“बसायला सवड कुणाला होती, भन्ते? थेरी म्हणायच्या, मी साळी कांडायची.” ती एकदम थांबली. “सुभे, मुसळ आण.”

“आत्याबाई, उभं राहवत नाही तुम्हाला!”

“मग धर मला.”

सुभेनं तिच्या कमरेला हात घातला, दुसऱ्या हातानं तिच्या हातातलं मुसळ पेललं. सुरुवातीचे ठोके चुकले. मग हाताला ताल सापडला, आणि अडलेल्या जागी ओळ आली. तिच्यामागून दुसरी. थांबलो तर परत जाईल या धास्तीनं सुलसा डोळे पुसायलाही थांबली नाही.

दोघे भिक्खू चार दिवस भट्टीच्या पडवीत सुत्त घोकत राहिले. भन्तेंचा एक शब्द मागेपुढे झाला की ती म्हणायची, “परत म्हणा.”

“बाई, आमच्या गुरूंनीही एवढं रगडलं नव्हतं.”

“ते धडधाकट असतील. मला घाई आहे.”

ते निघाले तेव्हा नदी फुगली होती. “दोघं एकाच नावेत बसले काय गं?” तिनं घाबरून विचारलं.

“नाव एकच आहे, आत्याबाई.”

नावाडी परतून “पोचले” म्हणेपर्यंत तिनं पेजेला तोंड लावलं नाही.

पावसाळ्यातून ती वाचली. विहारात सगळे भिक्खू एका सुरात ते सुत्त म्हणू लागल्याचं कानावर आलं. तरी तिचा जीव भांड्यात पडेना. तिनं सुभेलाही शिकवायला घेतलं.