झोका कुणाच्या पायाचा

मृणालताई गेल्याचं त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी तालमीत एका मेलेल्या राजासाठी धाय मोकलून रडत होते. बातमी कळल्यावर मात्र रडूच येईना. मंडळी म्हणाली, बस जरा. बसले... आणि बसल्या बसल्या पाय आपोआप जमिनीला रेटा देऊ लागले, तेव्हा त्यांची फार आठवण आली.

मांडवीजवळच्या गल्लीत त्यांचं घर. मानसोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेल्या बाई, पण पाटीवर नुसतं 'समुपदेशन'. खालचे साडीवाले काका ठामपणे सांगत, मृणालबेन लग्नं जुळवतात. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. मी तिथे गेले ती लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. श्रीकांतवर, माझ्या नवऱ्यावर, माझं प्रेम होतं. पण जवळ आलो की शरीर जागंच होत नसे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. मग हौशी रंगभूमीवर वाढलेल्या बाईने काय करावं? अभिनय केला. अकरा वर्षं, एकाच प्रेक्षकासमोर. फार दमले होते.

ताईंनी गोळी दिली नाही, गृहपाठ दिला. काही आठवडे शरीरसंबंध पूर्ण बंद. रोज पंधरा मिनिटं नुसता स्पर्श, हाताला, पाठीला, आणि जे जाणवेल तेवढंच बोलायचं. 'छान' या शब्दाला घरात बंदी. मकरपुऱ्याच्या कारखान्यात मोजमापं तपासणारा श्रीकांत इमानदारीने सांगे, "तळवा कोमट, मनगट गार." मी मात्र तिसऱ्याच भेटीत ताईंना सांगून टाकलं, की खूप फरक पडला. तेही रंगवून, डोळ्यांत पाणी आणून.

ताईंनी हातात चहाचे कप दिले, आम्हाला झोपाळ्यावर बसवलं आणि त्या आत गेल्या. परतल्या त्या थेट माझ्या पायांकडे बघत. "मघापासून झोका कोण देतंय?" मीच देत होते. श्रीकांत मांडी घालून मजेत बसलेला. "पाय वर घे," त्या म्हणाल्या. "सारखी दुसऱ्यालाच झोका देत राहिलीस, तर तुझ्या वाट्याला तो येणार कधी?" झोपाळा थांबला. त्या शांततेत मला काही वठवता येईना... मी श्रीकांतला खरं ते सांगितलं, अकरा वर्षांच्या अभिनयाचं. वाटलं, संपला आपला संसार. तो मांडी सोडून सरळ बसला. मग त्याने पाय खाली टेकवला आणि इतक्या जोरात रेटा दिला, की माझा चहा साडीवर.

"हळू, जावईबापू," ताई म्हणाल्या. "कारखाना नाही हा."

पुढे वर्षभर आम्ही जात राहिलो. जादू झाली नाही. कधी शरीर उमलायचं, कधी नाही. मन विंगेत उभं राहून सारखं 'कसं चाललंय' विचारत राहिलं तर शरीराने रमावं कसं, असं ताई म्हणत. हे छापायला मी श्रीकांतची परवानगी मागितली. तो म्हणाला, साडीवरचा चहा लिही, नाहीतर कुणाला खरं वाटायचं नाही.

शेवटची भेट त्या जाण्याच्या आठवडाभर आधीची. आजाराने खंगलेल्या ताई झोपाळ्यावर उशीला टेकून होत्या. मी नकला करून हसवू लागले. "आज नको गं," त्या म्हणाल्या. "मीही थकलेय, तूही थकलीयस. नुसती बस." बसले, आणि पाय लागले रेटा द्यायला... त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

भाचीने तो झोपाळा आमच्याकडे पाठवलाय. काल संध्याकाळी आम्ही बसलो होतो. माझे पाय वर, श्रीकांतचेही. झोपाळा हळूहळू थांबला. त्याने विचारलं, देऊ का झोका?

मी म्हटलं, "नको. दमलेय."

त्या अकरा वर्षांत हे दोन शब्द मला एकदाही म्हणता आले नव्हते.