बद्द वाजणारी पुंगळी

माझा नवरा गेल्यावर बेसमेंट आवरायला मुलगी बेलव्ह्यूहून आली. त्याला पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद होता. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या रेंजवरून घरी आणून तो त्या बेसमेंटमध्ये दारू-गोळी घालून पुन्हा भरायचा. भरण्याआधी मूठभर पुंगळ्या कानाशी नेऊन खुळखुळवायचा. माझी आई मडकं घेताना टिचकी मारायची, तसंच. सगळ्या खणखणीत वाजल्या तर ठीक. एखादी बद्द वाजली की ती तडकलेली. ती हुडकून पकडीने तिचं तोंड चेपायचा, म्हणजे चुकून पुन्हा भरली जायला नको.

मला त्या खुळखुळाटाचा भयंकर राग यायचा. पोरीने बेसमेंटचा जिना उतरायचा नाही, असा माझा सक्त दम होता, आणि लग्न होऊन जाईपर्यंत ती कधी उतरली नाही.

परवा पहिल्यांदाच ती खाली आली. पुंगळ्यांचा डबा कचऱ्यात ओतता ओतता थबकली. मूठभर उचलून तिने कानाशी नेल्या, मान त्याच्यासारखीच डावीकडे कलली.

"आई, यात एक क्रॅक्ड आहे," ती म्हणाली, आणि मागे वळूनही न बघता हात लांब करून तिने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली पकड काढली.