पडद्यावरचा बांगडा

बांगडा साफ करताना हाताला वास लागला की जयगडजवळची ती शाळा आठवते. नव्या बाई टीव्हीवर माशाच्या श्वसनाचा व्हिडिओ दाखवत होत्या आणि मी नव्या शिक्षकांची मार्गदर्शक म्हणून मागे बसले होते. एका कोळणीची मुलगी उठली, "बाई, ह्यो मासा शिळा हाय. कल्ले काळे पडलेत." वर्ग हसला, बाई रडवेल्या झाल्या. मी म्हटलं, "उद्या हिलाच ताजा आणू दे. तुम्ही फक्त मोबाइल टीव्हीला जोडा." दुसऱ्या दिवशी मुलीनं ताज्या बांगड्याच्या कल्ल्यावरचं झाकण उचललं, बाईंनी कॅमेरा जवळ नेला आणि पडदाभर फणीसारखे लालभडक दाते दिसले. मुलगी बघतच राहिली. "रोज साफ करते, पन ह्ये कदी दिसलं नव्हतं." आता नवे शिक्षक मला शिकवायला चांगलं ॲप कोणतं ते विचारतात. मी उलट विचारते, आज तुमच्या बाजारात काय आलंय?